साधन, संग्रह आणि ऋण : महागड्या शिलाई मशीनचा धर्मविचार

महागडे शिलाई मशीन घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. घरात पायाचे मशीन असते आणि ते चालतही असते. दुकानात मात्र संगणकीकृत मशीन मांडलेले असते. त्यावर काज, झिगझॅग, पिको, नक्षीचे टाके, भरतकाम असे सगळे होते, आणि त्याची किंमत साध्या मशीनच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असते. तेवढा पैसा एका वस्तूवर घालणे योग्य की अयोग्य, याचे उत्तर केवळ बेरीज-वजाबाकीने मिळत नाही. त्यात इच्छेला मान किती द्यावा, साधनाला कामात स्थान कोणते आणि कर्ज कशासाठी करावे, हे प्रश्न गुंतलेले असतात. भारतातील धर्मपरंपरांनी या प्रश्नांचा विचार बारकाईने केला आहे.

अहिल्यानगर शहराच्या उत्तर अंगाला, मनमाड रस्त्यावर, सीना नदीजवळचे नागापूर हे औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले उपनगर आहे. अशा वस्तीत पगारावर चालणारी कुटुंबे राहतात आणि घरातल्या एका कोपऱ्यात ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, उसवलेल्या कपड्यांची दुरुस्ती अशी कामे चालतात. तेथे शिलाई मशीन ही संसाराची वस्तू असते आणि धंद्याचे भांडवलही असते. तिच्यावर झालेला खर्च चैनीत धरायचा की गुंतवणुकीत, हे म्हणूनच चटकन ठरत नाही. या विचाराला लागणारी बरीच सामग्री याच जिल्ह्याच्या परंपरेत सापडते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवासे येथे सांगितली गेली. स्थानकवासी जैन आचार्य आनंदऋषी यांचा जन्म १९०० साली याच जिल्ह्यातील चिचोंडीचा. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले. जिल्ह्याला जिचे नाव आता मिळाले आहे ती अहिल्याबाई होळकर चौंडीला जन्मली.

साधनाचे स्थान

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म पूर्ण होण्यामागे पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी करणे, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. करण या शब्दाचा अर्थ भाष्यकार मुख्यतः इंद्रिये असा घेतात. पण शिवणकामात हाताला जोडले गेलेले यंत्र त्याच रांगेत बसते. ही मांडणी मशीनच्या खरेदीला लावून पाहिली की महाग मशीन नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे स्पष्ट होते.

अधिष्ठान म्हणजे कामाचा आधार : जागा, उजेड, वीज, बसण्याची सोय. कर्ता म्हणजे शिवणारी व्यक्ती, तिचे कौशल्य आणि तिची तब्येत. क्रिया म्हणजे माप घेणे, कापणे, जोडणे, उलटवणे, हातशिलाई, हूक-काज, इस्त्री. दैवात गिऱ्हाईक, हंगाम, लग्नसराई, आजारपण असे आपल्या हाती नसलेले सगळे येते. महाग मशीन या पाचांपैकी एकच गोष्ट सुधारते. कारखान्यातील एकसुई मशीन मिनिटाला पाच हजारांपर्यंत टाके घालू शकते; पायाचे मशीन त्याच्या जवळपासही जात नाही. पण वेगाचा लाभ फक्त टाके घालण्याच्या वेळेपुरता असतो. समजा, एका अस्तराच्या ब्लाउजला एकूण तीन तास लागतात आणि त्यातला प्रत्यक्ष मशीनवरचा वेळ एक तास आहे. मशीन तिप्पट वेगाचे आले, तरी वाचतात ती चाळीस मिनिटेच. माप, कटिंग आणि हातशिलाईचे दोन तास तसेच राहतात. चादरी, पडदे किंवा गणवेशांच्या लांब सरळ शिलाईत मात्र हाच वेग मोठा फरक पाडतो.

याच अध्यायात, पाच कारणे असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असेही म्हटले आहे. फक्त यंत्रालाच कर्ता मानणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. बाही ओढली जाते, गळा उघडा पडतो, कटोरी नीट बसत नाही, हे दोष बहुधा मापाचे आणि कटिंगचे असतात. टाके सुटणे, दोरा तुटणे, कापड गोळा होणे या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा बोथट झालेली सुई, चुकलेला ताण किंवा शटलमध्ये साठलेला कचरा असतो. पातळ कापडाला अकरा नंबरची, मध्यमला चौदाची आणि जाडला सोळाची सुई लावणे, वेळेवर तेल घालणे, वादी बदलणे, एवढ्याने जुने मशीन पुष्कळदा पूर्ववत चालू लागते. म्हणून पहिली कसोटी अशी की अडचण खरोखर करणात आहे की उरलेल्या चारांपैकी एखाद्यात. जी उणीव सरावाने भरून निघते, ती पैशाने भरू पाहणे हा साधनाचा गैरवापर ठरतो.

साधनाची पूजा आणि सोन्याची सुई

साधन पाचातले एक असले, तरी ते तुच्छ मानलेले नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आपापल्या कर्माची फुले वाहून ईश्वराची पूजा करण्याचा विचार येतो. त्या दृष्टीने पाहिले, तर ज्या उपकरणाने कर्म घडते त्याची निगा ही पूजेचीच तयारी आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला शिंप्याच्या घरी मशीन पुसून, हळद-कुंकू वाहून, झेंडूची माळ घालून ठेवतात ते याच भावनेने. मशीन किती किमतीचे, हा विचार त्या पूजेत येत नाही. अनेक वर्षे वापरलेल्या मशीनला आणि नव्याकोऱ्या मशीनला माळ सारखीच घातली जाते.

संत नामदेव (१२७०–१३५०) जातीने आणि व्यवसायाने शिंपी. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. त्यातील आसा रागातील एका पदात त्यांनी आपल्या धंद्याची सगळी हत्यारे साधनेत आणली आहेत. मन हा गज होतो, जीभ कात्री होते आणि तिने यमाचा पाश कापला जातो. शेवटी सुई सोन्याची आणि दोरा रुप्याचा होतो. महागड्या उपकरणाच्या बाजूने या पदाचा दाखला देण्याचा मोह होऊ शकतो, पण पदाचा रोख उलट आहे. सुई सोन्याची होते ती चित्त हरीशी शिवले गेल्यामुळे, सोनाराकडून आणल्यामुळे नव्हे. प्रत्यक्षात सोन्याची सुई शिवायला निरुपयोगीच, कारण सोने मऊ. ती कापडात वाकेल. साधनाचे मोल त्याच्या धातूवर ठरत नाही, त्याच्याकडून होणाऱ्या कामावर आणि ते काम करणाऱ्या मनावर ठरते.

यातून दोन टोके टळतात. साधी राहणी म्हणजे मोडके हत्यार वापरणे, हे एक टोक. बोथट कात्रीने कापणाऱ्याला काही पुण्य लागत नाही. गिऱ्हाइकाचे कापड मात्र खराब होते. उत्तम काम उत्तम यंत्राशिवाय होतच नाही, हे दुसरे टोक.

संग्रह आणि आसक्ती

योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक आहे. जैन परंपरेने त्याचा विचार सर्वांत पुढे नेला. साधूसाठी पूर्ण अपरिग्रह, तर गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण, म्हणजे आपल्याजवळ काय आणि किती ठेवायचे याची मर्यादा स्वतःच आखून घेणे, अशी व्यवस्था तिथे आहे. धंदा करणाऱ्या श्रावकाने धंद्याची साधने सोडावीत, अशी अपेक्षा नाही; मर्यादा आधी ठरवावी आणि मग ती पाळावी, एवढी अपेक्षा आहे. दुकानात उभे राहून, वस्तू समोर असताना मर्यादा आखली, तर ती वस्तूच्या मापाने वाढते. खरेदीला निघण्यापूर्वी घरी बसून जास्तीत जास्त रक्कम कागदावर लिहून ठेवणे हे या व्रताचे अगदी व्यवहारी रूप होय.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, अशी केली आहे. तिचा अर्थ असा की वस्तू जवळ असणे एवढ्याने परिग्रह होत नाही. वस्तूने मन धरून ठेवणे हा परिग्रह. साध्या मशीनविषयीही मूर्च्छा असू शकते आणि महागडे मशीनही अनासक्तपणे वापरता येते. ओळखण्याच्या खुणा रोजच्या आहेत. मशीन घेतल्यावर ते मुलीला शिकायला द्यावेसे वाटते की कुणी हात लावू नये म्हणून झाकून ठेवावेसे वाटते? त्यातील शंभर नक्ष्यांपैकी दहा तरी कामात येणार आहेत की त्या आहेत एवढेच समाधान हवे आहे? शेजारणीकडे तसेच मशीन आले नसते, तरी ते हवेसे वाटले असते का? या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याला द्यायची नसतात, त्यामुळे त्यात लपवाछपवीला कारण नसते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. सुंदर यंत्राची हौस, त्याचा गुळगुळीत आवाज, नेमका पडणारा टाका यांचा आनंद त्याज्य आहे का? पुरुषार्थांच्या चौकटीत काम, म्हणजे सुखाची इच्छा, हाही एक पुरुषार्थ आहे. धर्माच्या आणि अर्थाच्या मर्यादेत राहणारी हौस निषिद्ध नाही. शिवाय घराघरात या प्रश्नाची तपासणी सारखी होत नाही. पुरुषाच्या मोटारसायकलीच्या वेळी गरज आणि चैन यांचा इतका काथ्याकूट क्वचितच होतो. बाईच्या मशीनच्या वेळी मात्र घर अपरिग्रहाची भाषा बोलू लागते. संयमाचा उपदेश एकाच व्यक्तीला लागू होत असेल, तर तो धर्म राहत नाही, सोय होते. ज्या कसोट्या मशीनला लावायच्या त्या घरातील प्रत्येक मोठ्या खरेदीला लावणे हे न्यायाला धरून आहे.

पैसा कोठून यावा

खर्चाच्या विभागणीविषयी परंपरांची सूत्रे आश्चर्यकारक रीतीने नेमकी आहेत. पाली दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात बुद्धाने गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवण्यासाठी. भागवत पुराणाच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीराजाला धनाचे पाच भाग सांगतात : धर्म, कीर्ती, अर्थवृद्धी, सुख आणि स्वजन. तुकाराम महाराजांनी एका अभंगात सचोटीच्या व्यवहाराने धन जोडावे आणि अलिप्त विचाराने ते खर्चावे, असे गृहस्थाला सांगितले आहे. कुराणात उधळपट्टी आणि कंजुषी या दोहोंच्या मधून चालणाऱ्यांची प्रशंसा आहे. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च पुरेल की नाही हे मोजावे, असा दाखला येशू देतो. धर्म वेगवेगळे असले, तरी आधी मोजणे आणि मग खर्चणे हा क्रम सर्वत्र एकच आहे.

या सूत्रांपुढे मशीन ठेवले, तर पहिला प्रश्न ते कोणत्या भागात बसते हा. त्यावर काम होऊन पैसा येणार असेल, तर बुद्धाच्या विभागणीत ते उद्योगाच्या दोन भागांत जाते. केवळ हौसेसाठी असेल, तर उपभोगाच्या एका भागात. मात्र कोणत्याही परिस्थितीत ते चौथ्या, राखीव भागातून घेता येत नाही. मुलाची फी, म्हातारपणाचे औषधपाणी, नोकरी सुटल्यास चालवायचे सहा महिने यांसाठी ठेवलेला पैसा मशीनमध्ये गेला, तर मशीन कितीही चांगले असले तरी निर्णय चुकलेला असतो.

हिशेब वेगळे ठेवण्याचा धडा अहिल्याबाईंच्या कारभारात मिळतो. १७६७ ते १७९५ या काळात राज्य चालवताना दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा त्यांनी वेगळा ठेवला. देशभरातील मंदिरे, घाट आणि धर्मशाळांचा खर्च खासगीतून होत असे. घरगुती शिलाईत हाच भेद बहुधा पुसलेला असतो. शिलाईचे पैसे डब्यात पडतात आणि भाजीला, रिक्षाला निघून जातात. मग मशीन किती कमावते हे कुणालाच सांगता येत नाही. दोरा, अस्तर, सुया, वीज आणि दुरुस्ती वजा जाता महिन्याला काय उरते, हे निदान सहा महिने वहीत लिहिल्याशिवाय महागड्या मशीनचा निर्णय घेणे म्हणजे अंधारात माप घेणे होय.

कर्जाचा विचार येथे वेगळा करावा लागतो, कारण हप्त्याने खरेदी आणि शिलाई मशीन यांचा इतिहास जोडलेला आहे. सिंगर कंपनीने अमेरिकेत १८५६ साली हप्त्यावर मशीन देण्याची पद्धत सुरू केली आणि मजूर घरांतही मशीन पोहोचले. त्या पद्धतीने कित्येक बायकांच्या हाती उत्पन्नाचे साधन आले, तसेच न परवडणारी वस्तू आज घरी आणण्याची सवयही लागली. ऋण काढून तूप पिण्याचा चार्वाकाच्या नावावर असलेला सल्ला परंपरेने उपहासाने सांगितला, तो ऋण मुळातच पाप आहे म्हणून नव्हे. तूप पिऊन संपते आणि ऋण उरते, म्हणून. ज्या ऋणातून ऋण फेडणारे उत्पन्न निघते, ते या उपहासात येत नाही.

म्हणून ऋणाची अट जाणून घेणे हाच येथे धर्म ठरतो. बारा टक्के ‘फ्लॅट’ व्याजाने साठ हजार रुपये एका वर्षासाठी घेतले, तर ७,२०० रुपये व्याज धरून दरमहा ५,६०० रुपयांचा हप्ता बसतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर आकारलेले असल्याने खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यापेक्षा सोपे मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षणासह अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने, तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. मंगळसूत्र गहाण ठेवून किंवा सावकाराकडून पैसा उचलून नक्षीचे मशीन आणणे मात्र कोणत्याही परंपरेच्या कसोटीला उतरत नाही.

यंत्र कोणासाठी

यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनी शिलाई मशीनचा अपवाद केला, ही गोष्ट या चर्चेत महत्त्वाची आहे. १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनचे कौतुक केले. पत्नीला हाताने शिवताना पडणारे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र शोधले, असे ते समजत होते. इतिहास थोडा वेगळा आहे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिएने १८३० साली शिलाई यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडली. अमेरिकेत एलियास हाऊला १८४६ साली पेटंट मिळाले. सिंगरने १८५० मध्ये बोस्टन येथे दुसऱ्याच्या सदोष मशीनमध्ये सुधारणा केली आणि १८५१ साली पेटंट घेतले. त्यामागे धंद्याची दृष्टी होती. तरीही गांधींचा निकष कथेवर अवलंबून नाही. यंत्राने माणसाचे कष्ट हलके करावेत, त्याचे हातपाय निकामी करू नयेत आणि थोड्यांच्या लोभासाठी अनेकांचे काम हिरावू नये, हा तो निकष आहे.

या निकषाने पाहिले, तर महागड्या मशीनच्या बाजूनेही सबळ कारणे निघतात. पाठ, गुडघे आणि डोळे यांवर ताण देत दिवसाचे आठ तास पायाचे मशीन चालवणाऱ्या बाईला चांगली सर्व्हो मोटर, सुईजवळचा उजेड आणि आपोआप दोरा कापण्याची सोय म्हणजे शरीराचे रक्षण होय. हा खर्च चैन नव्हे. उलट, त्याच मशीनमुळे आतापर्यंत काज-बटणाचे किंवा हातशिलाईचे काम ज्या शेजारणीला दिले जात होते, तिची मजुरी बंद होणार असेल, तर त्याचाही विचार निर्णयात व्हायला हवा.

साधन दुसऱ्यांसाठी वापरण्याचा आदर्शही जुनाच आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यापो नगरातील टबीथा ही शिष्या विधवांसाठी कपडे शिवत असे, आणि तिच्या मृत्यूनंतर त्या विधवा तेच कपडे दाखवत रडल्या, असे वर्णन आहे. इस्लामी परंपरेत इद्रीस हे पैगंबर कपडे शिवणारे पहिले मानले जातात.

यंत्र महाग असेल आणि एकटीला पेलत नसेल, तर त्याची मालकी वाटून घेण्याचा मार्ग नगर जिल्ह्याला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली लोणी परिसरात सुरू झालेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना याच तत्त्वावर उभा राहिला : ज्या यंत्राची किंमत एका शेतकऱ्याला झेपत नाही, ते हजारोंनी मिळून घ्यावे. बचत गटातील पाच-सहा जणींनी एक भरतकामाचे मशीन मिळून घेतले, प्रत्येकीचे वार आणि देखभालीची वर्गणी ठरवली, तर अपरिग्रह आणि उत्तम साधन दोन्ही साधतात. एकटीने घ्यायचे असल्यास बिल तिच्याच नावावर असावे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार हिंदू स्त्रीने स्वतःच्या कष्टाने किंवा खरेदीने मिळवलेली जंगम वस्तूही पूर्णपणे तिच्या मालकीची असते.

निर्णयाचा क्रम

वरील सर्व विचारांतून निर्णयाचा एक क्रम निघतो. प्रथम जुने मशीन उघडून, साफ करून, नवी सुई लावून पाहावे. मग सहा महिने शिलाईची वही ठेवावी आणि मशीनच्या मर्यादेमुळे किती कामे परत पाठवावी लागली तेही लिहावे. परत गेलेली कामे प्रामुख्याने कापडाच्या कडा बंद करण्याची असतील, तर ओव्हरलॉकचे वेगळे मशीन पुरते. भरतकामाची असतील, तरच त्या मशीनचा विचार करावा. रकमेची मर्यादा दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी ठरवावी, राखीव पैशाला हात लावू नये आणि हप्ता शिलाईच्या निव्वळ उत्पन्नाच्या अर्ध्याहून जास्त नसावा. दुरुस्ती करणारा कारागीर आणि सुटे भाग नगरमध्येच मिळतात का, हे आधीच विचारून घ्यावे.

काम हातात आहे, पैसा मोकळा आहे आणि मर्यादा आधी ठरलेली आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या, तर महागडे मशीन खुशाल घ्यावे. त्यात अधर्म नाही, आणि हौस असली तरी तिची लाज वाटण्याचे कारण नाही. यांपैकी एकही कमी असेल, तर खरेदी पुढे ढकलावी. नवे मशीन आल्यावर जुने अडगळीत न टाकता शिवण शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावे.